एक हमरापूर

रविवारची दुपार होती, चारचा सुमार. आम्ही दोघं ओटीवर वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, दाणा दोन बोटांत दाबायचा, की डाळिंबी सटकन बाहेर येते. कमलच्या मांडीवर परात, समोर पाटावर एक छापील कागद. माझ्या हातात तसाच दुसरा कागद आणि पेन्सिल. ती सोलता सोलता वाचत होती. मी माझ्या कागदावर बघून टिंब देत होतो.

"सात निडी. शून्य शून्य. निडी चार."

"पुढं."

"पुढं काय, पुढं चहा. घसा सुकला माझा. येवढा चहा ठेवते, मग पुढची ओळ."

ओळ चुकू नये म्हणून तिने कागदावर वालाचा एक दाणा ठेवला आणि उठली.

मी म्हटलं, "साखर बेतानं घाल गो."

"नाय घालत बेतानं. तुमचं बोलणं कडू, चहा तरी गोड घ्या."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मला कमी ऐकू येतं, तरी तो आला. "काय पाडलंस?" म्हणून विचारलं. मी माझ्या कागदावरच्या आणखी दोन ओळी बघितल्या. दोन ओळी. मग उठलो.

कमल गेली. शेजारच्यांनी रिक्षा आणली, पण त्याआधीच गेली होती. चहाचं पाणी गॅसवर उकळत होतं. ते कुणी बंद केलं मला आठवत नाही. बायका आल्या, भाऊबंद आले, निडीहून तिचे भाऊ आले, सगळं झालं, आणि मी सगळ्यांना एकच सांगत होतो, "तिचा रिपोर्ट नॉर्मल हाय. पंधरा दिवसांपूर्वीच काढलाय. नॉर्मल हाय." जशी काही त्यांचीच काहीतरी चूक होत होती.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी उन्हाळ्यातच मागून ठेवलं होतं की तुमच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहून द्या. कमलने तीन निवडले होते. पहिला टाकीचा, दुसरा हमरापूरच्या गणपतीचा, तिसरा डॉक्टरांच्या मशीनचा. तिसरा तिला सगळ्यांत आवडायचा, कारण त्यात तिचं बोलणं होतं आणि डॉक्टर हसले होते. मी तिन्ही लिहितो. तिसऱ्यात गंमत राहिलेली नाही.

आधी धंदा सांगतो, कारण आमच्या आळीतल्या लोकांनाही तो वीस वर्षांत नीट कळला नाही. त्यांना वाटायचं नवरा-बायको बसून रेल्वेचं टाइमटेबल पाठ करतात.

यंत्र आपली माहिती फाईलमध्ये ठेवतं. फाईल म्हणजे आकड्यांचं पोतं. त्यातला एकेक दाणा म्हणजे शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा एक आकडा. दुसरं त्यात काही नसतं. हा दाणा कागदावर दोन खुणांनी लिहायची पद्धत आहे. त्यासाठी एकूण सोळा खुणा लागतात. शून्य ते नऊ या दहा, आणि पुढे इंग्रजी ए, बी, सी, डी, ई, एफ या सहा. पोतं एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर नेलं की दाणा न् दाणा तोच राहायला हवा. पण कंप्युटरही सगळे एका जातीचे नसतात. काही विंडोजवर चालतात, काही लिनक्सवर, आणि दोघांच्या सवयी वेगळ्या. एकाकडे नीट वाचली जाणारी फाईल दुसऱ्याकडे तुटते, नाहीतर फुगते. ती कुठे आणि का बिघडली, ते शोधायचं. प्रोग्राम लिहिणं माझं काम नाही, मला येतही नाही. ते शिकलेल्यांचं काम. मी दोन्हीकडचे कागद छापून घेतो आणि जुळवतो. मी सातवी नापास. कमल चौथी पास. ती हे लोकांना आवर्जून सांगायची, "मी पास हाय."

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात हेल्पर होतो. पेणहून रोज जाऊन येऊन. आमची खोली कंप्रेसरला लागून, तिथेच कान गेले.

कंपनीत एका टाकीचं तापमान लिहून ठेवणारा डबा होता. दर मिनिटाला एक दाणा. पस्तीस अंश असेल तर पस्तीस. डबा जुना, चांगला. ऑफिसात नवा कंप्युटर आला आणि भानगड सुरू झाली. पहिल्या शिफ्टला बॅच थंड करायला घेतली की थोड्या वेळाने ऑफिसातल्या कागदावर तापमानाची रेघ तुटायची. पुढे सगळं कोरं. ऑफिसवाले म्हणाले, ऑपरेटर डबा बंद करून झोपतो. ऑपरेटर महादू म्हणून होता, रोह्याचाच. त्याला घरी बसवायची तयारी झाली. तो माझ्यापुढे रडला. "अरे, मी डब्याला हात पण लावत नाय. माझ्या पोरांची शपथ."

आमच्या साहेबांनी मला दोन कागदांचे गठ्ठे दिले. एक डब्यातल्या फाईलचा, त्यांच्या लिनक्सवाल्या कंप्युटरवर छापलेला. दुसरा ऑफिसातल्या विंडोजवाल्याचा. म्हणाले, "घरी ने आणि जुळव."

एकट्याला दोन कागद जुळवता येत नाहीत, डोळे फिरतात. म्हणून कमलला म्हटलं, तू वाच. ती वाचायला लागली आणि आमचं भांडण लागलं. बी, सी, डी, ई, सगळे माझ्या कानाला सारखेच.

"बी."

"काय, डी?"

"डी नाय हो, बी!"

"ई?"

"तुमचं डोस्कं!"

तिने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "ही अक्षरं सहा ना? एफला संपतात? आपली गाडी कुठं संपते? रोह्याला. मग रोह्यापासून मागं मोजा. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर. झाली सहा."

त्या दिवसापासून ए म्हणजे हमरापूर, बी पेण, सी कासू, डी नागोठणे, ई निडी आणि एफ रोहा. निडी तिचं माहेर. ई आली की आवाज जरा वर चढायचा.

तर त्या रेघेचं सांगतो. चार दिवसांच्या फाईली वाचल्यावर तीच म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसचा कागद दरवेळी एक हमरापूरशी तुटतो. डब्याच्या कागदावर एक हमरापूर हाय आणि पुढचं पण सगळं हाय. ऑफिसच्या कागदावर त्याच्या आधीच खेळ खलास."

एक आणि ए. त्याचा आकडा होतो सव्वीस. तापमान उतरत सव्वीसवर आलं की रेघ गायब.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला समजावलं, तसंच सांगतो. फार जुन्या काळी कंप्युटरवर मजकूर लिहिला की शेवटी सव्वीस हा आकडा टाकायचे. त्याचा अर्थ, मजकूर समाप्त. विंडोजने ही सवय अजून सोडलेली नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाईल उघडताना "हा मजकूर नाही, हे नुसते आकडे आहेत" असं स्पष्ट सांगितलं नाही, तर विंडोज तिला मजकूर समजतो आणि सव्वीस दिसला की दुकान बंद करतो. लिनक्सला ही सवय नाही, तो शेवटपर्यंत वाचतो. आणि वाईट म्हणजे विंडोज तक्रार करत नाही. चूक झाली असं म्हणत नाही. त्याच्या मते सगळं वाचून झालेलं असतं.

महादूची नोकरी राहिली. त्याने घरचे पोहे आणून दिले. साहेबांनी मला एक वाक्य दिलं, ते मी पुढे वीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. "चांगल्या मालावर टेस्ट घेऊ नकोस. चांगला माल कुठेही पास होतो. खराब माल घालून बघ."

मी हे वाक्य लोकांना ऐकवत आलो. मी.

रिटायर झाल्यावर हाच धंदा घरून केला. छापखाने, वजनकाटे, लॅबोरेटऱ्या, आणि पेण म्हटल्यावर गणपतीचे कारखाने. हमरापूरच्या एका कारखानदाराने साचा कोरायचं मशीन घेतलं होतं. कंप्युटरवर मूर्ती बनवायची, फाईल मशीनला पाठवायची, मशीन लाकडात कोरतं. तो माणूस एका सकाळी फाईल घेऊन आला, चप्पल न काढताच ओटीवर.

"काका, माझा बाप्पा सोंड कानावर घेऊन बसलाय."

"कुणाच्या कानावर?"

"त्याच्याच! थट्टा नको. गिऱ्हाईक बघून गेलं, म्हणालं कान खाजतो काय याचा."

आम्ही कागद घेऊन बसलो. कमल मशीनवरचा कागद वाचत होती. दहा-पंधरा ओळींनी थांबली.

"या कागदावर हमरापूरच्या आधी दरवेळी नागोठणे कसं येतं? गाडी उलटी धावते काय?"

बरोबर होतं. फाईल पाठवताना तिथेही मजकूर म्हणून पाठवली होती. मजकुरात शून्य-ए म्हणजे नवी ओळ. लिनक्सला तेवढं पुरतं. विंडोजला नव्या ओळीसाठी शून्य-डी आणि शून्य-ए अशी जोडी लागते. म्हणून वाटेत कुणीतरी मदत केली होती, प्रत्येक शून्य-एच्या आधी एक शून्य-डी घुसवला होता. पोत्यात नसलेले दाणे आले आणि पुढचं सगळं सरकलं. सोंडेसकट.

कारखानदाराला सांगितलं, "हमरापूरच्या आधी नागोठणे घुसलंय."

तो चिडला. "माझ्या गावाचं नाव कशाला बदनाम करता?"

कमल म्हणाली, "भाऊ, गाव तुमचं चांगलंच हाय. आगंतुक नागोठण्याचा हाय."

तो हसला आणि मग त्याने चप्पल काढली.

आता तिसरा.

पेणमध्येच एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. माणूस चांगला, नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे चोवीस तास छातीला लावायची एक डबी आहे. छातीवर पट्ट्या चिकटवायच्या, डबी कमरेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायची. डबी ठोक्यांची रेघ फाईलमध्ये ठेवते. रेघेची उंची म्हणजे दाणा. सरळ रेघ मधोमध, एकशे अठ्ठावीसच्या आसपास. ठोका पडला की वर जाते, जराशी खाली येते, परत मधे. ही फाईल वाचणारा डॉक्टरांचा जुना कंप्युटर बंद पडला. डबी बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळलेली. तेव्हा प्रसादने नवा प्रोग्राम लिहिला. प्रसाद पेणमध्येच कंप्युटरची कामं करतो, शिकलेला, दोन मुलांचा बाप. त्याचा लॅपटॉप लिनक्सवाला. दवाखान्यात नवा आणला तो विंडोज.

तपासायला मला बोलावलं. अक्षय तृतीयेचा दिवस. कमलही आली, तिला तिथून बाजारात जायचं होतं.

मी प्रसादला विचारलं, "सव्वीसचा बंदोबस्त केलायस ना?"

"काका, ते फार जुनं झालं. आता तसं होत नाही."

मी मान डोलावली. शिकलेला माणूस म्हणतोय.

डॉक्टर म्हणाले, "आज एक पेशंट यायचाय, त्याचे ठोके चुकतात. त्यालाच लावू, टेस्ट होऊन जाईल."

कमल मधे पडली. "नको वो डॉक्टर. आम्ही भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाय, लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. पहिलं माप लाभाचं. नव्या मशीनची सुरुवात दुखण्यानं कशाला? यांनाच लावा. यांच्या छातीत बैल बसलाय, काय व्हत नाय यांना."

डॉक्टर हसले. प्रसाद हसला. मीही हसलो आणि शर्टाची बटणं सोडली.

दुसऱ्या दिवशी माझी फाईल दोन्ही कंप्युटरवर वाचली. सगळी पानं छापता येत नाहीत, कोटीच्या वर दाणे. म्हणून एकूण दाणे मोजले, ते जुळले. मग सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं पान छापलं. कमलने वाचलं, मी टिंबं दिली. सगळं जुळलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "चालू करा."

साहेबांचं वाक्य मला त्या दिवशी आठवलं नाही असं नाही. आठवलं. वाटलं, आठवड्याभरात आजारी माणसाची एक फाईल बघून घेऊ. मग छापखान्याचं काम आलं, मग पाऊस आला, आणि राहिलं. लाभाच्या मागून दोन घ्यायचा असतो. मी घेतलाच नाही.

आषाढात कमलला चक्कर यायला लागली. दोनदा भिंत धरली. डॉक्टरांनी तीच डबी लावली. रिपोर्ट आला, नॉर्मल. वर लिहिलेलं, नोंदीचा वेळ चोवीस तास. आम्ही येताना पेढे घेतले. तिने आळीत सांगितलं, "माझ्या छातीत पण बैल हाय."

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो रविवार.

तेराव्यानंतर मुलगी पनवेलला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आईचे कागद एका ठिकाणी ठेवा, लागतात." म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. पाटावरचा कागद अजून तसाच होता, त्यावर तो वालाचा दाणा सुकून चिकटलेला. त्याला मी हात लावला नव्हता. कपाटात दोन रिपोर्ट एकावर एक होते, वर तिचा, खाली माझा.

वीस वर्षांची खोड. दोन कागद दिसले की मी जुळवतो. तिचा कागद मोठ्याने वाचायला लागलो आणि माझा डोळ्याने बघायला लागलो.

वेळ, चोवीस तास. माझाही चोवीस तास.

निष्कर्ष, नॉर्मल. माझाही नॉर्मल.

एकूण ठोके. माझे एक लाख दोन हजार आणि काही. तिचे सोळा हजार.

मी परत वाचलं. मला कमी दिसत असेल. चष्मा पुसला. सोळा हजार. मिनिटाला सत्तर-बहात्तर धरले तर तासाला चार हजारांच्या वर. सातवी नापासालाही हिशेब येतो. सोळा हजार म्हणजे पावणेचार तास. चोवीस नाही. पावणेचार.

मी दवाखान्यात कसा गेलो सांगता येत नाही. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ते तिथे कळलं. डॉक्टरांना म्हटलं, "कमलची फाईल काढा." त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. मी म्हटलं, "बसत नाय. फाईल काढा. प्रसादला बोलवा, लॅपटॉप घेऊन ये म्हणावं."

विंडोजवर फाईल पावणेचार तासांशी संपत होती. रिपोर्टवरचे चोवीस तास डबीनेच फाईलच्या सुरुवातीला लिहिलेले, ते तसेच छापले जात होते. प्रसादच्या लॅपटॉपवर तीच फाईल चोवीस तासांची. जिथे तुटत होती ते पान मी छापायला लावलं. वाचायला कुणी नव्हतं. मी स्वतःच बोट ठेवत वाचलं. तीन कासू. तीन एक. दोन पाच. एक हमरापूर.

मी प्रसादकडे बघितलं. तो आपल्याच प्रोग्रामकडे बघत होता. फाईल उघडायच्या ओळीत एक अक्षर लिहायचं राहिलं होतं. बी. हे नुसते आकडे आहेत असं सांगणारं अक्षर. लिनक्सला ते असलं काय, नसलं काय, सारखंच, म्हणून त्याच्याकडे कधी अडलं नाही. आमच्या बोलीत ते पेण. सगळा जन्म ज्या गावात गेला तेवढंच एक राहिलं.

पण डॉक्टर जे म्हणाले ते त्याहून वाईट होतं. ते लॅपटॉपवरची लांबलचक रेघ सरकवत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. म्हणाले, "काका, चांगला ठोका इतका खाली जातच नाही. तुमची रेघ दिवसभरात एकदाही सव्वीसपर्यंत उतरलेली नाही. बिघडलेला ठोका मोठा असतो, खोल जातो."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. ज्याचं हृदय चांगलं, त्याची फाईल चोवीस तास वाचली जायची. ज्याचं बिघडलेलं, त्याची फाईल पहिल्या खोल ठोक्याला, सव्वीसवरून रेघ गेली की तिथेच बंद. आणि तिथपर्यंतचं सगळं चांगलंच. म्हणून नॉर्मल. जितका माणूस आजारी, तितका रिपोर्ट चांगला. मी पास केलेलं मशीन ते करत होतं.

"पुढं काय हाय तिच्या फाईलीत?" मी विचारलं.

"पुढे वाईट आहे, काका. पुष्कळ आहे. मी हे बघितलं असतं तर त्याच दिवशी पनवेलला पाठवलं असतं."

"वाचली असती?"

"ते मी सांगू शकत नाही. ठोक्यांची संख्या मीही बघायला हवी होती. खालचं नॉर्मल बघितलं नि सही केली."

प्रसाद रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला फक्त एकच सुचत होतं आणि ते मी ओरडूनच बोललो असेन, कारण बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "अक्षय तृतीयेपासून कितीजणांना लावली डबी? सगळ्यांच्या काढा!"

प्रसादने ते एक अक्षर घातलं. मी म्हटलं, आधी कमलची फाईल घाल, खराब माल घाल. चोवीस तास वाचली. मग सगळ्यांच्या परत वाचल्या. संध्याकाळ झाली. कमलशिवाय आणखी चौघांच्या फाईली आधी मधेच तुटलेल्या निघाल्या. चारही रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर एकेकाला फोन करत होते. तिघं लागले, तिघंही त्याच संध्याकाळी निघाले. चौथा नंबर लागत नव्हता. द्रौपदीबाई, राहणार गागोदे बुद्रुक, तक्रार, चक्कर येते.

वाचणाऱ्यांना घोर नको म्हणून इथेच सांगून टाकतो. ते चौघंही आज आहेत. दोघांच्या छातीत यंत्र बसवलंय. चौघं आहेत. पाचवी नाही.

लोक मला म्हणतात, कमलच तसं बोलली, तिच्याच तोंडून निघालं, नशीब. मी त्यांना घरातून जायला सांगतो. तिने शकुनाचं सांगितलं, तेवढं सांगायचा तिला हक्क होता. तपासायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीची वाट न बघता मी रिक्षा केली आणि गागोद्याला गेलो. घर विचारत पोचलो. माझ्याच वयाची बाई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. सून शेतावर गेलेली.

"कोण वो तुम्ही?"

"पेणवरून आलोय, दवाखान्यातनं. तुम्हाला छातीला डबी लावली व्हती ना?"

"व्हय व्हय. नॉर्मल हाय मी. रिपोर्ट सुनेनं देव्हाऱ्यात ठेवलाय."

"तो चुकीचा हाय."

तिने सूप खाली ठेवलं.

"मशीन मी तपासलं व्हतं," मी म्हटलं. "माझी चूक हाय. तुमची फाईल अर्धीच वाचली गेली. चक्कर येते अजून?"

"काल आलती. बांधावर बसले जरा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हाला बरं नाय काय? घामाघूम झालात. बसा, येवढा चहा ठेवते, मग बोलू."

ती खांब धरून उठायला लागली.

"उठू नका!" मी इतक्या जोराने ओरडलो की रिक्षावाला धावत आला. "चहा नको. कायपण नको. तुम्ही हलू नका." त्याने रिक्षा मागे घेत घेत पडवीच्या पायरीला लावली. सुनेला निरोप द्यायला शेजारच्या बाईला सांगितलं. दोघांनी धरून तिला आत बसवलं. मी तिच्या बाजूला बसलो.

पेणच्या रस्त्याला लागल्यावर तिने डोळे मिटले.

"बाय, झोपू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"कायपण. रोह्याच्या गाडीनं गेलाय कधी? स्टेशनं सांगा. हमरापूरपासून."

डोळे न उघडताच ती बोलायला लागली. "हमरापूर... पेण... कासू... नागोठणे... रोहा."

"निडी राहिली," मी म्हटलं. "मधे निडी हाय. परत सांगा."